अडीच हजार मीटर आणि चोवीस घोडे

"जमीन किती आहे, साहेब?"

"अडीच हजार."

कोल्हापूरकडच्या माणसाशी फोनवर ट्रॅक्टरची बोलणी करताना गोंयकाराने, म्हणजे गोव्याच्या माणसाने, हा आकडा असा मोकळा सोडू नये. पलीकडे आधी आदराची शांतता पसरते. मग जपून प्रश्न येतो, "एकर?" आपण "मीटर" म्हणतो. दुसरी शांतता पहिलीहून लांब असते आणि तिच्यात आदर नसतो.

एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे घर, तुळस, विहीर, मोडका गोठा आणि बारा माड धरून आपली सगळी इस्टेट पंचवीस गुंठ्यांत बसते. तिकडे एवढ्या जागेत लोक ट्रॅक्टर नुसता वळवतात.

मग माणूस ट्रॅक्टरपर्यंत पोचतो कसा? चवथीमुळे. जूनमध्ये गवत घोट्याशी, आषाढात गुडघ्याशी, श्रावणात कमरेशी. मुंबईचे चुलतभाऊ येणार, गणपतीवर माटोळी (फळा-पानांचं छत) बांधायची, आणि विहिरीकडे जायची वाट फक्त आठवणीत उरलेली. गवत मारणाऱ्याला फोन केला की तो म्हणतो, "फाल्यां येता," म्हणजे उद्या येतो. तो येतो, पण विसर्जनानंतरच्या फाल्यां. अशाच एखाद्या संध्याकाळी मोबाइलवर चोवीस घोड्यांचा, म्हणजे चोवीस हॉर्सपॉवरचा, मिनी ट्रॅक्टर दिसतो. पाठीमागे गवत कापायचा स्लॅशर, वर टोपी घातलेला हसरा शेतकरी. आपण हसरे नाही, याचं कारण एकदम सापडल्यासारखं वाटतं.

इथे एक हिशेब करावा. चार फुटी स्लॅशर म्हणजे १.२ मीटर रुंदी. ताशी तीन किलोमीटरने गेलात तर तासाला ३,६०० चौरस मीटर. माडाला वळसे, वळणं आणि "थांब, तिथे पंपाची पाइप आहे" यांत एक तृतीयांश गेलं, तरी २,४०० उरले. थोडक्यात, सगळं अंगण-परसू एका तासात संपलं. वर्षात चार वेळा गवत मारलं तर चार तास. आता ट्रॅक्टरचं वय किलोमीटरवर नाही, तासांच्या मीटरवर मोजतात आणि पहिली सर्व्हिसिंग साधारण ५० तासांवर येते. ती येणार साडेबारा वर्षांनी. (पुस्तिकेत महिन्यांचीही अट असते, तेव्हा दर वर्षी चार तास चाललेलं, मधासारखं स्वच्छ ऑइल बदलावं लागेल, तेही रडत रडत.)

म्हणून माझं मत सरळ आहे: नुसतं गवत असेल तर पाठीवरचा ब्रश कटर घ्या आणि कंबर शेकायची पिशवीही. ट्रॅक्टर खरा पोसवतो तो आठ-दहा हजार मीटरचं भाट (माडांची बाग) असेल तर. चुडतं ओढायची आहेत, शेणखत न्यायचं आहे, नारळ खालून वर आणायचे आहेत, तेव्हा.

तेवढं भाट असलं तरी लगेच शोरूम गाठू नका. आधी फीत घ्या. लोक घोड्यांपासून सुरुवात करतात आणि फाटकापाशी येऊन थांबतात. जुन्या घरांच्या गडग्यातली (दगडी कुंपणातली) फट माणूस, म्हैस आणि फार तर स्कूटर यांच्या मापाने ठेवलेली असते. या वर्गातला ट्रॅक्टर साधारण एक ते सव्वा मीटर रुंद. तो आत शिरतो. मागचा चार फुटी रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारं अवजार) शिरत नाही, कारण चार फूट हे पात्यांचं माप आहे, बाजूची फ्रेम आणि गिअरची पेटी त्याच्या बाहेर. जांभ्याचा खांब पाडायचा की नाही यावर घरात जी सभा भरते, ती ट्रॅक्टरच्या किमतीवर कधी भरत नाही. आजोबांनी बांधलेला असतो ना तो.

वळायच्या त्रिज्येचा आकडाही जरा जपूनच वाचावा. तो बहुधा आतल्या चाकाचा ब्रेक दाबून, सपाट जमिनीवर मोजलेला असतो. कुळागरात पोफळी २.७ मीटरवर. ट्रॅक्टर ओळीत शिरेल, पण टोकाला पोचल्यावर वळणार कुठे? पाटात? शिवाय पोफळीची मुळं वरच्याच थरात असतात. रोटाव्हेटर फिरवला की माती भुसभुशीत होते आणि मुळांची कोशिंबीर. कुळागरात यंत्र नकोच. माड ७.५ मीटरवर, तिथे खुशाल जा, पण आळ्याची दोन मीटर सोडून. आणि वरही बघा. ट्रॅक्टरचं पत्र्याचं छप्पर उन्हासाठी आहे, साठ फुटांवरून येणाऱ्या नारळाला ते फक्त आवाज देतं.

आता घोडे. चोवीस इंजिनाचे, मागच्या पीटीओवर (इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर) येतात वीसच्या आसपास. अवजार त्या आकड्यावर निवडायचं. महिंद्राचा जिवो २४५ किंवा कुबोटाचा निओस्टार बी २४४१ याच वर्गातले, दोन्हींची उचल ७५० किलो. विक्रेता "पाच फुटी रोटाव्हेटर आरामात ओढेल" म्हणेल. ओढेलही, त्याच्याकडच्या काळ्या मातीत. आपल्याकडे वर चार बोटं माती आणि खाली जांभा. म्हणून रोटाव्हेटरला शिअर बोल्ट किंवा स्लिप क्लच हवाच. धोंडा लागला की हा बोल्ट तुटतो. तुटणं हेच त्याचं काम. पण तिसऱ्यांदा तुटला की घरातला हुशार माणूस म्हणतो, "थांब, मी चांगला मजबूत घालतो." पुढच्या धोंड्याला बोल्ट शाबूत राहतो आणि गिअरबॉक्स जातो.

सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे पीटीओचा शाफ्ट. एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या, एवढंच. गाडी ताब्यात देताना मेकॅनिक तो घाईत अडकवतो, पेढा खातो आणि जातो. त्याला पेढा नंतर द्या. आधी पीटीओ बंद ठेवून अवजार हळूहळू पूर्ण वर, पूर्ण खाली करायला सांगा. शाफ्ट जिथे सगळ्यात आखडतो तिथे इंचभर जागा शिल्लक हवी. जिथे सगळ्यात ताणला जातो तिथे नळ्या किमान एक तृतीयांश एकमेकींत हव्यात. लांब असेल तर दोन्ही नळ्या आणि वरचं प्लास्टिक सारखंच कापायचं, कानशीने कडा घासायच्या, ग्रीस लावायचं. हे केलं नाही, तर बांधावर अवजार उचलताच नळी टेकते आणि ट्रॅक्टरच्या पोटातल्या बेअरिंगला ढुशा मारत राहते. त्या दुरुस्तीच्या बिलात जुनी स्कूटर येते.

चढ असेल तर फोर व्हील ड्राइव्हच घ्या. आणि मागे जड अवजार उचललेलं असताना तीव्र चढ रिव्हर्समध्ये चढा, नाहीतर पुढची चाकं आकाशाला नमस्कार करतात. उतारावर आडवं चालवायचं धाडस फक्त व्हिडिओवाल्यांनी करावं.

कागदांबद्दल थोडंच. सरकारी अनुदान हवं असेल तर गोव्याच्या कृषी खात्याचं कृषी कार्ड घेऊन आधी विभागीय कृषी कार्यालयात अर्ज करा, मंजुरी घ्या, मगच खरेदी करा. उलटा क्रम केलात तर बिल फ्रेम करून ठेवायच्या लायकीचं उरतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेवढीच फुंकर.

आणि पावसाळा. गाडी काही आठवडे उभी राहिली की क्लचची प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. मग पेडल दाबा की न दाबा, गिअर पडत नाही. उपाय फुकटचा आहे: पेडल दाबून खाली ठेवायचं आणि लाकडाचा ठोकळा अडकवायचा. टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत वाफेचं पाणी साचतं. बॅटरीची निगेटिव्ह काढा. ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, आत ओल राहते आणि उंदरांना तयार खोली मिळते. वायरी त्यांच्या नाश्त्याला.

एवढं करून ट्रॅक्टर आला की साडेबारा वर्षांचा हिशेब मात्र पहिल्याच चवथीला कोलमडतो. शेजारी गडग्यावर कोपर टेकून म्हणतात, "आमचेंय मातशें मारून दी मरे," म्हणजे आमचंही जरा मारून दे रे. मग त्यांचे शेजारी. मग देवळाचं आवार. मीटर ५० तासांवर येतो तो गणपतीच्या आठवडाभर आधीच, आणि त्या दिवशी दारात उभा असतो तो गवत मारणारा. त्याची स्वतःची जागा राहिली आहे.

त्याला काय सांगायचं ते पाठ असतं. "फाल्यां येता."