माळ्याचं छत

परवा रात्री भाचीचा फोन आला. कॉलेजच्या एकांकिकेवरून त्यांच्या ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. एकाला जिना, खिडकी, तीन लेव्हल असा भरगच्च सेट हवा, दुसऱ्याला रिकामा रंगमंच. पहिले म्हणतात, प्रेक्षकाला आता सगळं डोळ्यांसमोर लागतं. दुसरे म्हणतात, नेपथ्यावर पैसे उधळणं थांबवा. मी कॉलेजात होतो तेव्हाही हेच भांडण होतं. पण नऊ वर्षं इंग्लंडमधल्या एका शाळेत नाटकाच्या तासाला मदतनीस म्हणून काम केल्यावर मला वाटतं, आपण भांडतो ते फक्त खर्चावरून. नाटक घडतं ती जागा नटांना दिसते का, हे कोणी विचारतच नाही.

इथे जीसीएसई या शालान्त परीक्षेला नाटक हा ऐच्छिक विषय घेता येतो. मुलांनी स्वतः प्रयोग रचायचा आणि तो कसा रचला हे लिहूनही द्यायचं. त्यामुळे चाचपडायला वेळ मिळतो.

मागच्या सत्रात एका गटाने पुरात अडकलेल्या घराचा माळा निवडला. बाईंनी जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने चौकट आखली आणि पहिले दोन तास एकही संवाद म्हणू दिला नाही. छत किती उंच? पाणी कितव्या पायरीवर आलंय? उजेड कुठून येतो? एक मुलगा थेट भिंतीतून आत आला, तेव्हा त्याला परत पाठवलं. "शिडी कुठाय?" तिसऱ्या दिवशी चिकटपट्टीही काढली. तालमीत तोच मुलगा बोलण्याच्या भरात ताठ उभा राहायला निघाला आणि शेजारच्या मुलीने चटकन त्याच्या डोक्यावर हात धरला, तुळई लागू नये म्हणून. तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. त्या क्षणी मलाही ती तुळई दिसली. पुढचे संवाद सगळ्यांनी दबक्या आवाजात, पाण्याचा कानोसा घेत म्हटले.

ही पद्धत इथे अमेरिकन नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांच्या नाट्यखेळांमधून आली असं सांगतात. कोण, कुठे आणि काय, हे तीन प्रश्न त्यांच्या कामाचा पाया. त्यांचं पुस्तक 1963 सालचं, आणि पुण्यात कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेचा पुरुषोत्तम करंडक सुरू झाला तोही त्याच वर्षी. पण आपल्याकडे हे त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे. नाट्यशास्त्रातल्या कक्ष्याविभागात, म्हणजे रंगमंचाची वेगवेगळ्या स्थळांत मनानेच केलेल्या वाटणीत, रंगमंचावर एक फेरी मारली की स्थळ बदलतं. आधी आलेली पात्रं घरात आणि मागून आलेली बाहेर, असा संकेतच आहे. दशावतारात एका बाकड्यावर दरबार भरतो. आपल्या मुलांना हे परीक्षेपुरतं पाठ असतं, तालमीत मात्र ते कोणी करून घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इथलं सगळं छान आहे असं मुळीच नाही. कित्येकदा मुलं खोलीत सुंदर काम करतात आणि प्रयोगाला आवाज चौथ्या रांगेपर्यंत जात नाही. आपल्याकडची पोरं जिन्याखाली तालमी करून शेवटच्या रांगेला हलवून सोडतात. ती धग मी इथे क्वचित पाहिली.

म्हणून रिकाम्या रंगमंचाच्या बाजूनेही मी डोळे झाकून उभा राहणार नाही. नटांच्या मनात जागा नसेल तर रिकामा रंगमंच नुसता रिकामाच दिसतो आणि जिना असला तरी त्यावरून नुसतंच चढलं-उतरलं जातं. स्पर्धेत सेट लावायला मिनिटं मोजून मिळतात. बऱ्याच गटांना तर त्या सेटवर पहिल्यांदा वावरायला मिळतं ते थेट प्रयोगात. मग सेटशी मैत्री व्हायची कधी?

भाचीला म्हटलं, सेट हवा तर जरूर करा, पण आठवडाभर आधी खडूने आखून त्यात राहा. दार कुठल्या बाजूला उघडतं, यावर सगळ्यांचं एकमत होऊ दे. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, आमच्या नाटकात दार आहे हेच आत्ता लक्षात आलं." उद्या संध्याकाळी सहाला त्यांची तालीम आहे. खडू घेऊन जाते म्हणाली.