डबा भरलेलाच परत आला

आज बुधवार. मावशीला घेऊन नाशिकला गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, बाजाराला गेले होते. तिचे गुडघे गेलेत, पण बुधवारचा बाजार काही सुटत नाही. एका भाजीवालीपुढे मेथीच्या जुड्या उलट्यापालट्या करून बघत होतो, तेवढ्यात बाजूनं एक हात आला आणि मावशीनं धरलेल्याच जुडीवर पडला. दोघींनी माना वर केल्या. मावशीचा चेहरा फुलला. "जय ख्रिस्त गं!" म्हणाली. समोरचीनं जुडी सोडली, पिशवी काखेत घट्ट धरली आणि पाठ फिरवून चालू लागली. पळाली नाही हं. पळाली असती तर घाबरली म्हणून सोडून दिलं असतं. अगदी सावकाश गेली, पुढच्या पालाखाली वांगी निवडायला थांबलीसुद्धा.

भाजीवाली म्हणाली, "काय मावशी, उधारी हाय का तिची?"

मावशी म्हणाली, "तिची नाही गं, माझीच राहिलीये."

मला वाटलं, वेळ मारून नेली. रिक्षात बसल्यावर एक शब्द बोलली नाही. घरी येऊन मेथी निवडायला बसली. माझं मात्र तेव्हापासून डोकं ठणकतंय. दोन पोळ्या करपवल्या, पोरावर विनाकारण खेकसले. तर आता लिहितेच. लांब होणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे जा.

ही तीच बाई, करंज्यांच्या डब्याची. जवळच्यांना गोष्ट माहीत आहे, बाकीच्यांसाठी परत सांगते.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, गेले २०१४ ला. आमच्या जुन्या चर्चमधले लोक मातीला आले, घरच्या प्रार्थनेला आले, चहा पिऊन आपापल्या घरी गेले. मीही त्यातलीच. सिडकोत तिच्याकडे महिन्यातून एखादी चक्कर, तीही चप्पल न काढता. हे आधीच कबूल करते, कारण पुढे मी बरंच बोलणार आहे. तेव्हा तिच्या गल्लीतल्या एका नव्या मंडळीच्या, म्हणजे नव्या चर्चच्या, बायका आल्या. भाड्याच्या हॉलमध्ये भरणारी मंडळी, नाव घेत नाही. त्यांनी चाळीस दिवस तिला गॅस पेटवू दिला नाही. रोज एकीचा डबा. पुढे मोतीबिंदूच्या ऑपरेशनला रात्रभर उशाशी बसल्या. ते प्रेम खोटं नव्हतं. खोटं असतं तर मावशीला केव्हाच कळलं असतं, ती बाई पाव किलोत दहा ग्रॅमची काटामारी ओळखते.

मग सात वर्षांत तिचं सगळं जग ती मंडळी झाली. रविवारी उपासना, मंगळवारी उपास-प्रार्थना, शुक्रवारी घरप्रार्थना. शिवणाची गिऱ्हाइकं तिथलीच. लेकीचं स्थळही तिथलंच. दशांश, म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा, काकांच्या तुटपुंज्या पेन्शनमधून. नाशिकरोडला फेब्रुवारीतल्या बाल येशूच्या यात्रेला ती लहानपणापासून जायची, एका वर्षी शेजारणीबरोबर गेली तर 'कोणाला विचारून गेलात?' लग्नाला जायचं, घर बदलायचं, लेकीनं नोकरी करायची का, सगळं पास्टरांना विचारून. ह्याला ते 'आच्छादन' म्हणतात. छत्रीखाली राहा, बाहेर गेलात तर भिजाल. छत्रीची दांडी कोणाच्या हातात, हे विचारायचं नसतं.

मावशीनं २०२१ मध्ये तेच विचारलं. शहराबाहेर मंडळीसाठी जागा घ्यायची म्हणून तीन वर्षं पैसे जमत होते. शुक्रवारच्या प्रार्थनेनंतर ती म्हणाली, जमाखर्चाचा कागद एकदा बघायला मिळेल का? बस. काका ओझरला एचएएलमध्ये स्टोअरला होते, आमच्या मावशीच्या घरात नटबोल्टचाही हिशोब असायचा. तिच्या मनात पाप नव्हतं. हिशोब मागणं हा तिला गुन्हा वाटतच नाही.

पुढच्या रविवारी वचन आलं कोरहाचं. मोशेविरुद्ध उठला आणि जमिनीनं तोंड उघडून गिळला, तो कोरह. त्याच्या पुढच्या रविवारी ईजबेल, बायबलातली दुष्ट राणी. नाव कोणाचंच घेतलं नाही, पण चटईवर मावशीच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी झाली. मग एके दिवशी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमधून नाव गेलं. 'तुम्हाला काढलं' असं आजतागायत कोणी तोंडानं म्हटलेलं नाही. फोन केला की एकच उत्तर, 'मावशी, तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे.'

त्या नाताळात तिनं नेहमीसारख्या करंज्या केल्या. ओलं खोबरं नाही, सुकं खोबरं, खसखस, जायफळ, कडेला मुरड. बावीस घरांचे डबे भरले. बहुतेकांनी दारच उघडलं नाही. ह्या बाईनं मात्र उघडलं, डबा घेतला, आत गेली. मावशी घरी येऊन मला फोनवर सांगत होती, 'बघ, एकीनं तरी घेतला.' संध्याकाळी दाराला पिशवी अडकवलेली. आत तोच डबा. झाकण काढलेलंसुद्धा नाही, वर लावलेला कागद तसाच.

तुम्ही सगळे मराठी घरांत वाढलात. शेजारचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो, घरात काही नसेल तर चिमूटभर साखर घालतो आपण. हा भरलेलाच परत आला. त्याहून वाईट शिवी मला अजून कोणी देऊन दाखवावी.

आता कोणीतरी म्हणेल, चर्चला शिस्त लावायचा हक्क आहे. आहे, मान्य. कोणी व्यभिचार केला, पैसे खाल्ले तर मंडळीनं बोलायलाच हवं. पण इथे ज्यांचा हिशोब मागितला त्यांनीच न्यायाधीश व्हायचं?

आणि वचनं फेकू नका माझ्यावर, मलाही पाठ आहेत. मत्तयाचं शुभवर्तमान, अध्याय अठरा : मंडळीचंही ऐकलं नाही तर त्याला परराष्ट्रीय आणि जकातदारासारखा समज. बरं. हे लिहिणारा मत्तय स्वतः कोण होता? जकातनाक्यावर बसलेला जकातदार! येशूनं त्याला तिथून उठवून बरोबर घेतला आणि जकातदारांच्याच पंगतीला बसला. जक्कयही जकातदारच, उंबरावर चढून बसला होता, त्याला खाली बोलावून त्याच्याच घरी उतरला. जकातदाराशी कसं वागायचं ह्याचा धडा त्यानं करून दाखवलाय. प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला पहिल्या पत्रात एका माणसाबरोबर जेवूही नका म्हणून लिहिलं, खरंय. पण दुसऱ्या पत्रात तोच पौल एका शिक्षा झालेल्या माणसाबद्दल म्हणतो, आता पुरे, त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. दुसरं पत्र ह्यांच्या बायबलमधून गळून पडलंय बहुतेक.

यहोवाचे साक्षीदार म्हणून एक पंथ आहे, त्यांना आपण नावं ठेवतो. त्यांच्यात काढून टाकलेल्या माणसाशी बोलायचं नाही, हा निदान छापलेला नियम आहे. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांची (एल्डर्सची) समिती बसते, निर्णय सांगतात. २०२४ मध्ये त्यांनी जरा ढील दिली, की असा माणूस सभेला आला तर साधा नमस्कार करायला हरकत नाही. नमस्काराची परवानगी! मी वाचून हसले होते. आज मेथीच्या ढिगाशी उभी राहून वाटलं, तेवढी परवानगी तरी आमच्या मावशीच्या वाट्याला यायला हवी होती.

एका वकील मित्राला विचारलं होतं तेव्हा. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा आहे, २०१६ चा, जुलै २०१७ पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. त्या कायद्यामागे आपलं नाशिक आहे, विसरू नका. २०१३ मध्ये इथेच एका बापानं जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर लेकीचा जीव घेतला, आणि डॉ. दाभोलकरांनी जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचा खून झाला. तेव्हा आपल्याच लोकांनी ती बातमी एकमेकांना पाठवली होती, 'बघा, अंधारात चाचपडणारे लोक.' मित्र म्हणाला, तक्रार करता येईल, पण पुरावा काय? बहिष्काराचा ठराव कुठे आहे? साक्षीला कोण उभं राहील? डबा न उघडता परत केला, एवढं लिहून घेऊन पोलिस स्टेशनला जाऊ का मी?

ठराव लागतच नाही हो. हीच तर हुशारी आहे. प्रत्येकीला फक्त एवढंच माहीत असतं की हिच्याशी बोलले तर उद्या माझ्या चटईच्या दोन्ही बाजू रिकाम्या. ह्या बाईचा नवरा पास्टरांच्या ओळखीनं लागलेला, पोराची फी मंडळीतून गेलेली. ती कुठे जाणार? हे लिहिताना माझा तिच्यावरचा राग जरा उतरतोय आणि मला तो उतरू द्यायचा नाहीये.

आपण कोणाची पोरं आहोत ते तरी आठवा. जलालपूर इथून किती लांब? तिथल्या लक्ष्मीबाई टिळक. १८९५ ला त्यांचे यजमान, कवी ना. वा. टिळक, यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ह्या बाईच्या संसाराचे दोन तुकडे झाले. कित्येक वर्षं नवऱ्यापासून लांब, नातेवाइकांच्या दारात. स्वतः बाप्तिस्मा घेतला १९०० मध्ये. वाळीत पडणं म्हणजे काय हे आमच्या पणज्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. पाण्याच्या घड्यापासून प्रेताला खांदा देईपर्यंत सगळं भोगलंय. आणि शरणपूर रोडवरून रोज जाता ना? ते शरणपूर वसलं एकोणिसाव्या शतकात, मिशनवाल्यांनी वसवलेलं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेतली पोरं इथे आणून वाढवली. त्यातलाच एक जेकब वेनराइट, आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंगस्टनचं शव घेऊन १८७४ ला थेट लंडनला पोचला. ज्यांना जगात कोणी नव्हतं त्यांना शरण देणाऱ्या गावाची आपण लेकरं, आणि आपण एका विधवेला करंज्या परत करतो.

हो, जुन्या चर्चनी फुशारून जाऊ नये. आमच्याकडे पंचांच्या निवडणुका, जागांचे खटले, तीन पिढ्या न बोलणारी घराणी, सगळं आहे. पण तिथे भांडून माणूस पुढच्या रविवारी त्याच बाकावर येऊन बसतो, दुसऱ्याला कोपर मारून.

इनबॉक्समध्ये दोघांनी आत्ताच लिहिलंय (मी संध्याकाळी चार ओळी टाकल्या होत्या त्या वाचून), की ताई, दिवस बरे नाहीत, घरातलं बाहेर काढू नका, लोक ह्याचा वापर करतील. कळतं मला. जे 'बघा मिशनरी' म्हणून नाचत येतील त्यांना इथे जागा नाही, सरळ ब्लॉक करीन. तुमच्या वाड्यातल्या वाळीतल्या गोष्टी मलाही माहीत आहेत. पण आपल्या लोकांनो, घरातलं घरात ठेवून चार वर्षांत काय झालं? मावशीची लेक अजून त्याच मंडळीत आहे. सासर तिथलं, करते काय. महिन्यातून एकदा फोन, हळू आवाजात. 'आई, तू एकदा माफी माग ना त्यांची, सगळं नीट होईल.' नातवाच्या अर्पणविधीला (बाळाला चर्चमध्ये देवापुढे अर्पण करतात तो विधी) आजीला बोलावणं नव्हतं. फोटो मी दाखवला तिला, माझ्या मोबाइलवर. तिनं बोटांनी मोठा केला, बाळाचं टोपडं बघितलं, म्हणाली, "शिवण उसवलीये, मी असते तर..." आणि मोबाइल परत दिला.

तिला एकच भीती आहे. "माझ्या मातीला किती जण येतील गं?" हे ती हसत विचारते. आम्ही विषय बदलतो.

हे सगळं टाइप करून झाल्यावर मगाशी तिच्याकडे जाऊन आले. म्हटलं, सकाळी भाजीवालीला काय म्हणालीस? उधारी तुझी कशी?

ती स्टुलावर चढली. (गुडघे गेलेत म्हणते!) फळीवरून एक स्टीलचा डबा काढला आणि माझ्या हातात दिला. मी म्हटलं, हा तर तोच, परत आलेला. म्हणाली, "नाव वाच." झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं. त्या बाईचं नाव. खाली तिच्या आईकडून भेट, लग्नाची तारीख.

डबा मावशीचा नव्हताच. काका गेले तेव्हाच्या चाळीस दिवसांतला, तिच्या घरून आलेला. तो मावशीकडेच राहून गेला होता. त्या नाताळात मावशीनं तोच करंज्यांनी भरून परत केला होता. आणि त्या बाईनं आपल्या आईनं दिलेला, आपलं नाव घातलेला डबा मावशीच्या दाराला अडकवून टाकला. करंज्या घ्याव्या लागू नयेत म्हणून. चार वर्षं ही गोष्ट मी लोकांना चुकीची सांगतेय.

म्हटलं, चार वर्षांत द्यायचा ना परत. ती म्हणाली, "रिकामा कसा देऊ?"

आता मावशी ओट्यावर मेथीचे लाडू वळतेय. डबा पुसून उघडा ठेवलाय. सकाळी मी नेऊन द्यायचा आहे. मी म्हटलं, दार नाही उघडलं तर कडीला अडकवून येते. तर माझ्यावरच चिडली, "कडीला नाही. हातात द्यायचा."