चढाला दहा, उताराला पाच

पणजीत सार्वजनिक वाचनालय १८३२ सालीच निघालं, हे मी गावच्या सभेत जरा छाती फुगवूनच सांगितलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "आमच्या वाचनालयाची कौलं तेव्हाचीच असणार." हशा झाला. कौलांचं ठीक आहे, पण वासे वाळवीने खाल्ले होते आणि जून ते सप्टेंबर कादंबऱ्यांच्या कपाटावर ताडपत्री असायची. सुताराने खर्चाचा आकडा सांगितला तेव्हा खजिनदारांनी पाणी मागितलं.

तेव्हा मी नको ते बोललो. म्हटलं, परदेशात लोक चालून पैसे जमवतात. एकाने लांब डोंगरात चालायचं, बाकीच्यांनी दर किलोमीटरला अमुक रुपये द्यायचे. सभा शांत झाली. मग मामा म्हणाला, "चालणार कोण?" आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. माझं रोजचं चालणं म्हणजे घराच्या दारापासून पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलीपर्यंत. पण शब्द गेला होता. ठरलं असं: साखळीच्या विठ्ठलापूरच्या देवळापासून निघायचं, पहिला मुक्काम केरीला, दुसऱ्या दिवशी चोर्ला घाट चढून वरच्या सुर्ला गावाला, आणि त्याच वाटेने चालत परत.

खरी चढण त्याआधीच सुरू झाली. वही घेऊन दारोदार फिरलो. गोव्यात चालणं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एक तर पंढरपूर येतं, नाही तर शिर्डी. "कोणत्या देवाला?" हा पहिला प्रश्न. वाचनालयाला, म्हटल्यावर चेहरे पडायचे. वारीला पैसे दिले तर पुण्य तरी लागतं. कौलांचं पुण्य कुणाच्या खात्यावर जाणार? एका काकूंनी दर किलोमीटरला दोन रुपये लिहिले आणि खाली बारीक अक्षरात "पडल्यास नाही" असंही लिहिलं. बाजारातल्या मासळीवालीने शंभराची नोट तिथेच काढून दिली. म्हणाली, "चलूं नाका. तुका कितें जालें जाल्यार म्हजी सुंगटां कोण घेतलो?" म्हणजे मला काही झालं तर तिची कोळंबी कोण घेणार? वहीतली ती एकमेव बिनशर्त देणगी.

मामाने मात्र पूर्ण करार केला. चढाला किलोमीटरमागे दहा, उताराला पाच. का? "उताराला माणूस आपोआप येतो. दगडसुद्धा येतो." शिवाय पुरावा हवा. म्हणून पुतण्या स्कूटरवरून मागे राहणार, आणि अंतर त्याच्या फोनवर मोजलं जाणार.

बायकोला वाघाची काळजी होती. घाटाच्या बाजूला म्हादई अभयारण्य, तिथे वाघ आहेत. पुतण्या म्हणाला, "काकी, २०८ चौरस किलोमीटर रान आहे. वाघाला नेमके काकाच कशाला सापडतील?" ती म्हणाली, "कारण सगळ्यात हळू तेच असतील." यावर घरात कुणाकडे उत्तर नव्हतं.

सराव म्हणून दोनदा फर्मागुडीचा चढ चढलो आणि दोन्ही वेळा वर भाजी-पाव खाल्ला. मग चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी आली. चवथीच्या दिवसांत नेवऱ्या, म्हणजे आमच्या करंज्या, नाकारायला जो बाणेदारपणा लागतो तो आमच्या घराण्यात नाही. निघालो तेव्हा पाठीवर पाच किलो होते आणि पोटावर किती ते मी मोजलं नाही.

साखळी ते केरी रस्ता बरा. वाळवंटी नदी मागे पडली आणि मी अगदी वारकऱ्याच्या ऐटीत चाललो होतो. नव्या बुटांनी आपलं मत दोन तासांनी सांगितलं. केरीला पोचलो तेव्हा डाव्या टाचेवर पुरीएवढा फोड होता, तोही टम्म फुगलेला. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या आजींनी खोबरेल लावून दिलं आणि विचारलं, "बस ना जाली?" बस नव्हती का, हा त्यांचा प्रश्न मला रात्रभर बरोबर वाटत होता.

दुसरा दिवस घाटाचा. अंजुणेचं धरण खाली दिसायला लागलं की चढ लागलाच समजायचं. वळण संपलं की वाटतं आता सपाटी, आणि पुढे आणखी एक वळण तयारच. पहिल्या तासात मी निसर्ग बघितला. दुसऱ्या तासात डांबर बघितलं. तिसऱ्या तासात फक्त माझे बूट.

त्यात या घाटाने बेळगावची भाजी गोव्यात येते. वरून येणारा एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरने विचारलं, "काका, गाडी बंद पडली?" नाही, मुद्दाम चालतोय, म्हटलं. त्याने आधी माझ्याकडे, मग स्कूटरवर बसून चिप्स खाणाऱ्या पुतण्याकडे पाहिलं आणि त्याला म्हणाला, "सांभाळ रे त्यांना." जाताना दोन काकड्या देऊन गेला. तोही बिनशर्त. हिशेबात त्या कुठे लिहायच्या हे खजिनदारांना अजून कळलेलं नाही.

पाऊस भुरभुरत होता. जरा बसावं म्हणून रस्ता सोडून गवतात टेकलो. उठल्यावर चालताना मोजा ओला लागला. पाणी असेल म्हटलं. पाणी लाल होतं. तीन जळवा! पुतण्याने मिठाची पुडी काढली (ते सामान बायकोने भरलं होतं, म्हणून होती). जळवा सुटल्या, रक्त मात्र थांबेना. जळू चावताना दुखत नाही आणि तिच्या लाळेतल्या द्रव्यामुळे रक्त लवकर गोठत नाही, हे मी वाचनालयातल्याच पुस्तकात वाचलं होतं. पुतण्या शांतपणे म्हणाला, "म्हणजे तुमच्यासारखंच. आधी गोड बोलायचं, मग वही काढायची." मी त्याच्या हातची चिप्सची पुडी काढून घेतली.

सुर्ल्याला पोचलो तेव्हा चार वाजले होते. आठशे मीटर उंचीवरून सह्याद्री कसा दिसतो हे देणगीदारांना दाखवायचं म्हणून फोटो काढला. धुकं एवढं होतं की फोटोत फक्त मी आणि पांढरा पडदा. "हा तर फोंड्याच्या स्टुडिओतला फोटो," असं पहिलं उत्तर मामाकडून आलं.

आता उताराविषयी. ज्याने "उताराला माणूस आपोआप येतो" म्हटलं त्याने घाट चालत उतरून बघावा. चढताना दम लागतो, थांबलं की दम परत येतो. उतरताना शरीराचा सगळा भार मांडीच्या स्नायूंनी आवरून धरायचा असतो आणि गुडघे एकेका पावलाला तक्रार करतात. नखं बुटाच्या टोकावर आपटत होती. तिसऱ्या वळणानंतर मी उलटा चालून पाहिलं. गुडघ्यांना बरं वाटलं, पण बेळगावकडे चाललेल्या एका कुटुंबाने गाडी थांबवून माझा व्हिडिओ काढला. उताराचा दर चढाच्या दुप्पट हवा होता, हे केरीत त्याच आजींच्या ओटीवर आडवा पडून मी पुतण्याला तीनदा सांगितलं. तो झोपला होता. चौथ्या दिवशी केरी ते विठ्ठलापूर कसा चाललो ते विठ्ठलालाच माहीत.

घरी आल्यावर लोक चौकशीला आले. पैसे घेऊन कुणी आलं नाही. मग पुन्हा वही, पुन्हा दारं. "उद्या ये", "संक्रांतीला बघू", "तू पडला होतास म्हणे?" बारीक अक्षरवाल्या काकूंना पुतण्याने फोनवरचा सगळा प्रवास दाखवला. त्यांनी घसरलेला एक क्षण शोधलाच.

मामाचं घर टेकडीवर, ब्याण्णव पायऱ्या. दोनदा गेलो तेव्हा तो झोपला होता. तिसऱ्यांदा सापडला. चष्मा लावून त्याने हिशेब मांडला: घाट चढून एकोणीस किलोमीटर, एकशे नव्वद. उतरून एकोणीस, पंच्याण्णव. एकूण दोनशे पंच्याऐंशी.

"आणि साखळी ते केरी? जाऊन येऊन बावीस किलोमीटर."

"ती सपाटी," मामा म्हणाला. "सपाटीचं बोलणं कुठे झालं होतं?"

मी दम घेत खांबाला टेकलो. "बरं, आणि तुझ्या या पायऱ्या? तिसऱ्यांदा चढलो."

मामाने क्षणभर विचार केला, वही पुढे ओढली आणि माझ्यासमोर लिहिलं: वजा चहा, दहा रुपये.