बंबाची खोली

नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घराच्या मागे दहा बाय बाराची एक सुटी खोली आहे. तिला अजून सगळे बंबाची खोलीच म्हणतात, कारण घरात गीझर येईपर्यंत तिथे रोज पहाटे बंब पेटायचा. मधल्या नळीत लाकडं, गोवऱ्या, नारळाच्या शेंड्या आणि भोवती अख्ख्या घराच्या आंघोळीचं पाणी. त्या धुराचा थर भिंतीत असा मुरलाय की रंगाऱ्याने तीन हात मारले तरी चौथ्या महिन्यात तो पुन्हा डोकावतो.

या खोलीत माझं ऑफिस थाटायचं ठरलं. घरात मी मीटिंगला बसलो की आईच्या मालिकेतल्या सुनेचं रडणं थेट साहेबांच्या कानी जायचं आणि ते काळजीने विचारायचे, "घरी सगळं ठीक ना?"

बंब बाहेर पडवीत काढला (भंगारात द्यायचा विषय मी एकदाच काढला, पुन्हा नाही), टेबल आलं, खुर्ची आली. वर सिमेंटचा पत्रा, पश्चिमेला खिडकी. एप्रिलमध्ये दुपारी तीनला भिंतीवरचा तापमापक ३८ दाखवत होता आणि तोच बाहेर आंब्याखाली नेला तर ३५. बंब गेला तरी खोलीने आपला धर्म सोडला नव्हता.

उकाड्यावर सल्ला द्यायला ठाण्यात पदवी लागत नाही. पहिला सल्ला मात्र नागपूरहून आला. मावसभाऊ फोनवर म्हणाला, "काहून एवढा पैसा घालून राहिला बे? कूलर लाव." मी मंडपवाल्याकडून आठवड्याच्या भाड्याने कूलर आणला. आता कूलरचं सगळं गणित पाणी उडून जाण्यावर आहे. पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता घेऊन जाते, म्हणून नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात ओल्या वाळ्यातून आलेला वारा गार लागतो. आमच्याकडे एका बाजूला खाडी, पलीकडे समुद्र. हवा आधीच पिऊन तर्र. तिला आणखी पाजायला गेलो. तासाभरात वहीचे कागद पोळीसारखे मऊ पडले, काडेपेटीतली एक काडी पेटेना आणि आईने चहाबरोबर दिलेली चकली मोडायच्या ऐवजी वाकली. मावसभावाला कळवलं तर म्हणतो, "खिडकी उघडी ठेवली होती का?" खिडकीच काय, दारही उघडं होतं. सगळी खाडी आत येत होती.

दुसरा उपाय बायकोचा. "आधी पत्रा पांढरा करून घ्या, यंत्राचं मग बघू." चुन्यात फेव्हिकॉल कालवून मी स्वतः शिडीवर चढलो. आयुष्यभर लोकांनी मला चुना लावला, मी पहिल्यांदा लावला तो स्वतःच्या पत्र्याला. पण गंमत बघा, पांढऱ्या रंगावरून ऊन बरंचसं परत फिरतं. तापमापक ३५ वर आला. पत्र्याखाली थोडी पोकळी सोडून पीओपीचं सिलिंग मारलं तेव्हा ३४. बायकोने यावर एक शब्दही काढला नाही, आणि तेच जास्त झोंबलं. पण ३४ मध्येही माणूस घामाने खुर्चीला चिकटतोच.

म्हणून एसी. गोखले रोडवरच्या एका दुकानात आईला घेऊन गेलो, ही चूक.

"खोली केवढी?"

"एकशेवीस चौरस फूट."

"मग एक टन पुष्कळ. वर कोण राहतं?"

"वर पत्रा."

"मग दीड टन घ्या. खिडकी कुठल्या बाजूला?"

"पश्चिमेला."

एक्स-रे बघून डॉक्टर गप्प होतात तसा तो गप्प झाला.

आई घाबरली होती ती वेगळ्याच कारणाने. "दीड टनाचं यंत्र आपली भिंत पेलेल का रे?" मग मी तिला समजावलं, की हे वजन नव्हे. पूर्वी अमेरिकेत गारवा बर्फाने मोजायचे. त्यांचा एक टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी शोषणारं यंत्र एक टनाचं. साधारण साडेतीन किलोवॅट. आईने हिशेब घातला. "म्हणजे दिवसाला तेराशे किलो बर्फ? तुझ्या मुंजीला दोन लाद्या भुशात घालून आणल्या होत्या, अख्ख्या मांडवाला सरबत पुरलं!" आणि दुकानदाराकडे वळून, "बर्फाची लादी केवढ्याला पडते हो हल्ली?"

तिचा पुढचा प्रश्न तर बिनतोड होता. दीड किलोवॅट वीज खाऊन हे पाच किलोवॅटचं काम कसं करतं? मी म्हटलं, एसी गारवा तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. झालं. "म्हणजे आपला उकाडा शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात?" बाहेरचं युनिट कुठे लावायचं यावर घरी दोन दिवस खल झाला. वीजबचतीचे तारे तीन की पाच हे मात्र मिनिटात ठरलं. खिशाने ठरवलं.

मग वायरमन आला. खोलीत बंबाच्या काळातल्या एका बल्बची लाकडी पट्टीतली वायरिंग होती. त्याने ती बोटाने उचलली, तसं वरचं आवरण मोहरीसारखं खाली सांडलं. "दादा, यावर एसी लावलात तर बंब परत पेटेल." मीटरपासून चार एमएमची नवी वायर, वेगळा एमसीबी, सोळा अँपिअरचा पॉइंट. या खर्चाबद्दल दुकानात कुणी चकार शब्द काढला नव्हता.

फिटिंगवाला 'उद्या नक्की' असं चारदा म्हणून १० जूनला संध्याकाळी उगवला. शेवटी त्याने विचारलं, "पाण्याचा पाइप कुठे सोडू?" काकूंच्या भिंतीकडे सोडायची सोय नव्हती. आई पडवीतून म्हणाली, "बंबात सोड."

दुसऱ्या दिवशी पाऊस आला. अगदी वेधशाळेच्या तारखेला. उकाडा संपला, ओल सुरू झाली. एसीवर 'ड्राय' नावाचं एक बटण असतं, ते हवेतलं पाणी काढून घेतं, हे मी आईला सांगायला नको होतं. आता माझ्या डोक्यावर दोरी आहे. सोमवारी साहेबांनी विचारलं, "मागे ते काय, पडदा?" मी हो म्हणालो. नऊवारी होती.

दुपारी चारला आई बादली घेऊन बंबापाशी येते. लादी पुसायला ते पाणी चांगलं, म्हणते. तोटी सोडण्याआधी अजून सवयीने बंबाला बोट लावून बघते आणि मग "गारच आहे की," असं स्वतःशीच म्हणत बादली भरते.