वेळ जातो ना तुझा?

आज दुपारी गणपतीच्या शाळेत बसले होते. (बाहेरच्या मित्रमैत्रिणींसाठी सांगते, आमच्याकडे सिंधुदुर्गात मूर्ती घडवतात त्या जागेला शाळा म्हणतात.) हात कोपरापर्यंत शाडूने भरलेले. पुढ्यात फूटभर उंचीचा गणपती. पोट झालं होतं, मांड्या झाल्या होत्या, पण सोंडेचं वळण काही केल्या मनासारखं येत नव्हतं. बाहेर पाऊस कोसळत होता. तेवढ्यात आमच्या भावकीतले एक गृहस्थ मूर्ती घडवण्यासाठी आपला पाट द्यायला आले. मुंबईहून चार दिवसांसाठी आलेत. मला बघून थबकले, तोंडभर हसले आणि म्हणाले, "अगं, तू इथे? बरं आहे, वेळ जातो ना तुझा?"

मग फोटो काढला. मी घरी येऊन हात धुवेपर्यंत तो भावकीच्या ग्रुपवर पोचलासुद्धा. खाली लिहिलेलं, "या वयातही केवढा उत्साह!" आणि त्याखाली टाळ्याच टाळ्या.

तेव्हापासून डोकं ठणकतंय. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, मान्य. माणूस प्रेमळ आहे. पण मला आज बोलायचंच आहे.

'या वयातही' मधला तो 'ही' कशासाठी? माझ्या सोंडेकडे एकाने तरी नीट पाहिलं का? सोंड चुकली आहे. फोटोत ढळढळीत दिसतंय. सुरुवात जाड, मध्येच एकदम बारीक, आणि मोदकाकडे वळताना मोडल्यासारखी. टाळ्या वाजवणाऱ्या एकालाही ते दिसलं नाही, कारण मूर्ती कुणी बघितलीच नाही. सगळ्यांनी माझे पांढरे केस बघितले.

आणि 'वेळ जातो'? मला ६३ वर्षं पूर्ण झाली. माझ्याकडे घालवायला वेळ कुठे आहे? नोकरीत होते तेव्हा वेळ जात होता. चौतीस वर्षं काउंटरच्या मागे बसून नोटा मोजल्या, तेव्हा मला कुणी विचारलं नाही वेळ जातो का म्हणून.

तुम्ही सगळे मला ओळखता, त्यामुळे उगाच लांबण लावत नाही. पण आबांची गोष्ट सांगितल्याशिवाय माझा राग तुम्हाला कळायचा नाही.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, परळच्या कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि आमच्यासारख्या हजारो घरांचं जे झालं तेच आमचं झालं. आबांनी दोन वर्षं वाट बघितली, मग ट्रंक उचलून गावी आले. साच्यांच्या खडखडाटात कान गेलेले. जरा मोठ्याने बोलावं लागायचं. पुढची काही वर्षं शेती, काजू, कुणाकुणाची पडेल ती कामं. आणि एकसष्टाव्या वर्षी एक दिवस उठून शाळेत जाऊन बसले. "माका डोळे आखूक शिकव," असं शाळेच्या मेस्त्रीला म्हणाले. मेस्त्री त्यांच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान.

ज्यांनी शाळा आतून बघितली नाही त्यांना यातलं धाडस कळणार नाही. डोळे हे शेवटचं काम. माती मळून, घडवून, वाळवून, रंगवून झालं की मग डोळे, आणि ते शाळेतला सगळ्यात कसलेला हात करतो. चार केसांचा कुंचला, श्वास धरून वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढायची, मग बुबुळ. दोन्ही बुबुळं एकाच जागी बघायला हवीत, पाटासमोर पूजेला बसलेल्या माणसाकडे. एक जरी केसभर सरकलं तरी देव भलतीकडेच बघतो. आणि हा साठी उलटलेला, कान गेलेला गिरणी कामगार म्हणतो मला डोळे शिकव.

मेस्त्रीने त्यांना तीन वर्षं माती मळायला लावली.

आबा कुरकुरले नाहीत. शाडूतले खडे वेचायचे, ओली फडकी बदलायची, पावसाळ्यात वाळत नाहीत त्या मूर्तींना पंख्याचा वारा द्यायचा. चौथ्या वर्षी मेस्त्री म्हणाला, घरी सराव कर आणि दाखव. कागद आबांना पटेना, कुंचला कागदावर सरळ चालतो म्हणाले, मूर्तीच्या गालाला गोलाई असते. मग पडवीत रचून ठेवलेली जुनी मंगळुरी कौलं काढली. कौलाच्या खालच्या बाजूवर ऑइल पेंटने डोळे काढायचे. झालेलं कौल काखोटीला मारून शाळेत न्यायचे. मेस्त्री चुकलेल्या डोळ्यावर गेरूच्या रंगाने फुली मारायचा. संध्याकाळी आबा परत यायचे आणि पायरीवरूनच आईला मोठ्याने सांगायचे, "आज परत झाडल्यान माका!" हे सांगताना त्यांचं तोंड असं फुललेलं असायचं की विचारू नका.

ते मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं. मुद्दा इथेच आहे.

आपल्या कोकणात म्हातारा कलाकार कुणाला खुपत नाही. सत्तरीचा बुवा भजनाच्या डबलबारीला (दोन बुवांच्या सामन्याला) उभा राहिला की अख्खा गाव रात्रभर बसतो. दशावतारात पिकल्या वयाचा माणूस राजपार्ट करतो आणि लोक त्याच्या एकेका वाक्याला दाद देतात, तीही वाक्यं लिहिलेली नसतात, उभ्या उभ्या सुचलेली. चित्रं दाखवत गोष्टी सांगणाऱ्या, पिंगुळीच्या परशुराम गंगावणेंना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, मीही ठेवला. पण हे सगळे लहानपणापासून करत आलेले. सत्तरीत पहिल्यांदा पखवाजावर हात ठेवणारा माणूस मात्र आपल्याला चालत नाही. त्याला आपण 'हौशी' म्हणतो, 'वेळ जातो' म्हणतो. म्हाताऱ्याने शिकवावं, म्हाताऱ्याने शिकू नये, असं कुणी ठरवलं?

सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे जुने गोल पत्ते, रंगवताना बघायला पाहुण्यांना घेऊन जातो ना आपण? दशावतारी संच १२० पानांचा, दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, सगळी हाताने रंगवलेली. ही कला जवळजवळ संपली होती. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी पुंडलिक चितारींसारख्या जुन्या कारागिराकडून स्वतः शिकले म्हणून ती तगली. राजा-राणी शिकायला बसतात आणि आम्ही बसलो की टाळ्या?

आणि रवींद्रनाथ टागोर! बाविसाव्या वर्षी आपल्याच किनाऱ्यावर, कारवारला भावाकडे येऊन राहिलेला माणूस. चित्रांकडे खऱ्या अर्थाने वळले ते साठी ओलांडल्यावर. १९३० मध्ये पॅरिसला त्यांचं पहिलं प्रदर्शन भरलं, तेव्हा ते ६९ वर्षांचे होते. पुढे दोन हजारांहून जास्त चित्रं. आता तुम्ही म्हणाल ते टागोर होते. होते. पण त्यांच्या चित्रांकडे लोकांनी चित्रं म्हणून बघितलं, एवढंच मला म्हणायचंय.

डॉक्टर मैत्रिणी लिहितील की हे मेंदूला चांगलं, बोटांच्या सांध्यांना चांगलं. असेलही. पण मी शाळेत गोळी घ्यायला जात नाही गं.

जरा थांबते. चहा ठेवलाय.

हं. मघाशी रागात एक लिहायचं राहिलं. खरं म्हणजे राहिलं नाही, मी टाळलं.

मी तेव्हा तिशीची होते. नोकरी, दोन लहान मुलं, मे महिन्यात चार दिवस माहेरी आलेली. घरी पाहुणे आले होते. आबा पडवीत पाठ करून कौलावर वाकलेले. पाहुण्यांनी मला विचारलं, हे काय करतात? आणि मी म्हटलं, "काही नाही हो, वेळ जातो त्यांचा."

मी म्हटलं. हेच वाक्य. हसून.

मला वाटलं होतं त्यांना ऐकू येणार नाही. कान गेलेले ना. पण दुसऱ्या दिवसापासून आबा कौलं घेऊन मागच्या मांगरात, म्हणजे सामान ठेवायच्या खोपीत, बसायला लागले. आई म्हणाली तिथे उजेड बरा पडतो. मांगराला एकच खिडकी होती, तीही उत्तरेकडे. पडवीत जास्त उजेड होता. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि २००३ मध्ये ते गेले.

यंदा मे महिन्यात भावाने मांगराची कौलं परतायला काढली. गडी खालून ओरडला, "बाय, कौलांका डोळे आसत!" मी धावत गेले. आबांच्या सरावाची सगळी कौलं भावाने कधीतरी वर चढवली होती, रंगाची बाजू आत करून. इतकी वर्षं ते डोळे मांगरातल्या नारळांच्या ढिगाकडे बघत होते. मी एकेक उतरवून अंगणात मांडलं. एक्केचाळीस कौलं. जवळजवळ प्रत्येकावर फुली. कुठे दोन्ही डोळ्यांवर, कुठे एकाच. एका कौलावर तर मेस्त्रीने फुली मारून बाजूला स्वतः एक डोळा काढून दाखवला होता. एवढ्या रागाने, एवढ्या आपुलकीने कुणी कुणाच्या चुका काढत असेल का?

शेवटच्या तीन कौलांवर फुली नव्हती.

मी त्या अंगणात बसून रडले. भाऊ म्हणाला उन्हात बसू नको.

म्हणून आज त्या गृहस्थांवर एवढी भडकले, हे लिहिता लिहिता माझ्याच लक्षात येतंय. त्यांच्यावर थोडा जास्तच राग काढला. असो. पण म्हणणं मागे घेत नाही.

हो, मला पेन्शन आहे म्हणून मला हे परवडतं, हेही खरं. दिवसभर काजूच्या बागेत राबणाऱ्या बाईला कोण शाळेत बसवणार? पण मग शेजारच्या काकींकडे बघा. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. आयुष्यभर राबल्या. आता जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवतात. गेल्या वर्षापासून त्यांनी कडेला रंगीत त्रिकोणांची नक्षी घालायला सुरुवात केली, कुणी शिकवलं नाही, स्वतःच जुळवून बघतात. मी गेले की हातात गोधडी देतात आणि म्हणतात, "टाके बग, टाके." सून म्हणते म्हातारीचा वेळ जातो. काकी दोनदा उसवून तिसऱ्यांदा एक कोपरा जुळवतात. वेळ घालवायला कुणी उसवत नाही हो.

तेव्हा माझ्या यादीतल्या सगळ्यांना कळकळीची विनंती. तुमच्या घरात कुणी साठीनंतर पेटी काढली असेल, कुंचला धरला असेल, लाकूड कोरत असेल, तर नुसतं 'छान छान' म्हणू नका. शेजारी बसा. बघा. चुकलं असेल तर चुकलं म्हणा. सूर लागला नसेल तर सांगा लागला नाही म्हणून. आमचे हात थरथरतात, दिसायला कमी झालंय, गुडघे तर विचारूच नका. पण आम्ही शिकतोय. ज्याला कुणी चूक दाखवत नाही तो शिकणार कसा?

आमच्या शाळेचा आताचा मालक त्याच मेस्त्रीचा मुलगा. वय असेल पस्तीस. मला काकी म्हणतो. पहिल्या वर्षी त्याने मला फक्त माती मळायला दिली. दुसऱ्या वर्षी उंदीर. बावीस उंदीर केले, त्यातले सहा त्याने ठेवले, बाकीचे परत मातीत. यंदा पहिला गणपती हातात दिला. आज पाहुणे फोटो काढून गेल्यावर तो माझ्या मागे येऊन उभा राहिला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काकी, ही सोंड चलाची नाय. काढा ती."

आणि स्वतःच अंगठ्याने दाबून मोडून टाकली.

मी काही बोलले नाही. पाण्याचा हात लावला आणि गोळा परत मळायला घेतला. अंधार पडेपर्यंत दोनदा केली, दोनदा मोडली. आता रात्रीचे दहा वाजलेत, नखांतला शाडू निघालेला नाही, टाइप करताना स्क्रीनवर पांढरे ठसे उमटतायत. मूर्ती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. रात्रीत सुकायला नको. सकाळी सातला शाळा उघडते.