कायद्याचं परिशिष्टही वाचायला हवं

भारतीय स्वातंत्र्य कायदा १९४७ वरच्या तुमच्या लेखात त्याची कलमं छान उलगडली आहेत, पण त्याच्या परिशिष्टांचा उल्लेख नाही, याची खंत वाटली. ४ जुलैला ब्रिटिश संसदेत विधेयक मांडलं गेलं आणि १८ जुलैला राजाची संमती मिळाली. दोन आठवड्यांत सगळं उरकलं! त्यामुळे सीमा ठरायच्या आधीच जिल्ह्यांची तात्पुरती वाटणी परिशिष्टांत छापावी लागली. त्यात गुरदासपूर पश्चिम पंजाबात, म्हणजे पाकिस्तानात होता. मुर्शिदाबाद पूर्व बंगालात, म्हणजे तोही पाकिस्तानातच. दोन देशांची सीमा ठरवणारा रॅडक्लिफ निवाडा जाहीर झाला १७ ऑगस्टला, स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. मग मुर्शिदाबाद भारतात आला, शकरगढ तहसील सोडून बाकीचा गुरदासपूरही आला, बंगालातला खुलना जिल्हा मात्र पाकिस्तानात गेला. ज्यांनी १५ तारखेला एका देशाचा झेंडा पाहिला, त्यांना १७ तारखेला दुसऱ्याच देशात असल्याचं कळलं. त्या माणसांचं काय झालं असेल, या विचाराने आजही जीव कासावीस होतो.

संस्थानांबाबतचं ७वं कलमही तितकंच घातक होतं. ब्रिटिशांचं सार्वभौमत्व संपलं, करार संपले, पुढे काय ते संस्थानिकांवर सोडलं. हैदराबादचा प्रश्न त्यातूनच चिघळला आणि सप्टेंबर १९४८ मध्ये फौज पाठवावी लागली.

आणि लेखाचा शेवट 'ब्रिटिश संसदेने स्वातंत्र्य दिलं' असा आहे, तो मला अजिबात मान्य नाही. आपल्या संविधान सभेने राज्यघटनेच्या ३९५व्या कलमाने हा कायदाच रद्द केला. राज्यघटनेला लंडनची मंजुरी घेतलीच नाही. हे लेखात यायलाच हवं होतं.