ट्रॉफी कुठे ठेवायची, याचा आधी विचार करा

तुमचं मूल तिसरी-चौथीत आहे आणि अजून एकाही राष्ट्रीय स्पर्धेत पहिलं आलेलं नाही, असं असेल तर आधी हे कुणाला सांगू नका. सोसायटीत तर अजिबात नको. राष्ट्रीय पातळीवर पहिलं न आलेलं मूल पुण्यात आता शोधावं लागतं, आणि सापडलंच तर लोक त्याच्या आईवडिलांकडे जरा काळजीनेच बघतात.

मला हे ज्ञान गेल्या रविवारी झालं. भाऊजी टूरवर, ताईला ताप, म्हणून भाचीला स्पर्धेला न्यायचं काम मामाकडे आलं. स्पर्धा स्पेलिंगची आणि गणिताची, एकाच फीमध्ये दोन्ही. स्थळ सिंहगड रोडच्या पार टोकाचं एक मंगल कार्यालय. रिपोर्टिंग टाइम पावणेआठ. सुरुवात दहाला, कारण प्रमुख पाहुणे. आदल्या रात्रीच्या लग्नातल्या झेंडूच्या माळा तशाच लोंबत होत्या आणि रुखवत मांडायच्या टेबलांवर ट्रॉफ्या मांडल्या होत्या. मोजल्या नाहीत, पण मुलांपेक्षा कमी नसाव्यात. तिथे बसून जे शिकलो ते स्वतःपुरतं ठेवणं बरं नव्हे, म्हणून या चार सूचना.

पहिली गोष्ट स्पर्धेची निवड. नावात 'राष्ट्रीय' हवंच, 'आंतरराष्ट्रीय' असेल तर सोन्याहून पिवळं. राष्ट्रीय होण्यासाठी फार काही लागत नाही. चिंचवडची पन्नास मुलं, साताऱ्याची दोन आणि बेळगावहून मावशीकडे सुट्टीला आलेलं एक. झालं राष्ट्रीय.

सरकारी शिष्यवृत्ती परीक्षेच्या नादी लागू नका. इथेच पुण्यातली राज्य परीक्षा परिषद ती घेते, दोन पेपर, तीनशे गुण, आणि गुणवत्ता यादीत नाव नसलं तर नसतं, फोन करून उपयोग होत नाही. शिवाय ट्रॉफी देत नाहीत. फोटो कशाबरोबर काढणार?

गट नीट पाहून घ्या. इयत्ता, वय, लेव्हल, माध्यम, आणि त्यातही ए आणि बी. एवढ्याने भागलं की एकेका गटात तीन-तीन मुलं उरतात, मग पहिला, दुसरा, तिसरा. चुकून चौथं आलंच तर त्याला 'रायझिंग स्टार'. आयोजकांचा भागाकार पक्का आहे.

मुलाला सकाळी पोटभर खायला घालू नका, झोप येते.

स्पेलिंगचं थोडं सविस्तर सांगतो. ही स्पर्धा आपण अमेरिकेकडून घेतली. तिथली राष्ट्रीय स्पर्धा १९२५ पासून चालू आहे. १९८५ साली बालू नटराजन जिंकला, तो तिथला भारतीय वंशाचा पहिला विजेता, आणि गेल्या वीसेक वर्षांत तर आपल्याच मुलांची तिथे सद्दी आहे. २०१९ साली आठ जणांना एकत्र विजेते घोषित करावं लागलं, त्यांतले सात भारतीय वंशाचे, कारण त्यांना अडवतील असे शब्दच संयोजकांकडे उरले नव्हते. कोथरूडमधल्या प्रत्येक घरात अमेरिकेतल्या कुणीतरी त्याचा व्हिडिओ पाठवलेला आहे. त्या व्हिडिओत ती मुलं काय करतात? शब्द आला की विचारतात: कुठल्या भाषेतून आला, अर्थ काय, वाक्यात वापरून दाखवा. ग्रीक असेल तर एक अंदाज, फ्रेंच असेल तर दुसरा. म्हणजे न ऐकलेल्या शब्दाचं स्पेलिंगही विचार करून गाठता येतं, हे त्यांना ठाऊक असतं. आपण एवढ्या खोलात शिरायचं नाही. आपण माइक घेतला, गळ्यातली नंबराची पाटी घेतली, चुकल्यावर वाजणारी घंटा घेतली. बाकी सोपं. शब्दांचं पुस्तक आयोजकच विकतात, प्रश्न त्यातलेच येतात, अनुक्रमही बहुतेक तोच. भाचीची पाळी आली तेव्हा तिने व्हिडिओत पाहिलेलं आठवून विचारलं, "मॅम, याचा अर्थ काय?" परीक्षकबाईंनी पुस्तक पुढून मागून चाळलं आणि म्हणाल्या, "बेटा, मीनिंग सिलॅबसमध्ये नाहीये."

त्यांच्या डोक्यावर फ्लेक्स होता. त्यावर 'हार्दीक स्वागत', वेलांटी दुसरी. शुद्धलेखनाची स्पर्धा, गाव पुणे. असो. ती मराठी होती, तिला कुठे कोण माइकवर विचारतंय.

प्रमुख पाहुण्यांच्या भाषणात टाळ्या वाजवायला शिकवा.

आता गणित. इथे एकच तत्त्व ध्यानात ठेवा: वेग. आठ मिनिटांत शंभर गणितं, बोटं हवेत नाचवत. मुलाने मध्येच मान वर केली, खिडकीबाहेर पाहिलं, 'असं का होतं?' म्हणालं, की समजा एक नंबर गेला. आणि याला ऑलिंपियाडच म्हणा. खरं आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड वेगळं असतं. १९५९ पासून चालू आहे, भारत १९८९ पासून जातो, देशातून जास्तीत जास्त सहा मुलं. तिथे दोन दिवसांत मिळून सहा प्रश्न असतात, रोज साडेचार तास, तीन प्रश्न. म्हणजे एका प्रश्नाला दीड तास! दीड तास एकाच प्रश्नाकडे बघत बसणारं मूल आपल्या सोसायटीत निघालं तर आपण त्याला काउन्सेलरकडे नेऊ. तिथे पोचायचं तर टप्प्याटप्प्याच्या परीक्षा असतात, मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचं शिबिर असतं, आणि बहुतेक मुलं मध्येच कुठेतरी गळतात. गळणं आपल्याला परवडणारं नाही. आपल्याकडच्या ऑलिंपियाडमध्ये फी भरलेलं कुणीही गळत नाही.

स्पेलिंग आणि गणिताच्या मध्ये अडीच तास रिकामे होते. भाची कंटाळली म्हणून तिला पार्किंगमध्ये घेऊन गेलो आणि म्हटलं, कुठल्याही गाडीचा नंबर घे, चार आकडी. तिने घेतला ३५२४. म्हटलं, याच अंकांची मोठ्यात मोठी संख्या कर, छोट्यात छोटी कर, आणि वजा कर. ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. परत तसंच: ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. परत: ८५३२ वजा २३५८. ६१७४. आता परत कर. ७६४१ वजा १४६७. ६१७४! ती ओरडलीच. मग दुसऱ्या गाडीचा नंबर, मग स्कूटरचा. चारही अंक सारखे नसले की झालं, फार तर सातव्या पायरीला ६१७४ येतंच येतं. तासभर ती पार्किंगभर पळत होती, पेन्सिल घेऊन, प्रवेशपत्राच्या पाठीवर वजाबाक्या करत. जवळ उभ्या असलेल्या एक बाई बराच वेळ बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "हे कुठल्या लेव्हलला असतं हो?"

म्हटलं, कुठल्याच नाही. हे द. रा. कापरेकरांनी शोधलं. ते फर्ग्युसनमध्ये शिकले, १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं, आणि पुढे ते आयुष्यभर देवळालीला शाळामास्तर होते. बाई म्हणाल्या, "अच्छा. म्हणजे मार्क्सना नाही."

मार्क्सना नाही, बाई.

तेव्हा सूचना अशी: मुलाला संख्यांशी खेळू देऊ नका. कापरेकर आज चौथीत असते तर त्यांना घरच्यांनी 'एकच वजाबाकी किती वेळा करतोयस, टाइम वेस्ट' म्हणून दोन धपाटे घातले असते, आणि आठ मिनिटांत शंभर गणितांची सवय लावली असती. बरे लेव्हल फोरपर्यंत गेले असते. ज्यांच्या नावाचं ते पारितोषिक, ते परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले होते. कोकणातल्या मुर्डीचा मुलगा. शोकेस नसेल घरात.

सराव प्रश्नसंच अप्पा बळवंत चौकातून किलोवर घ्या.

आई आणि बाबा दोघांनीही जावं. एकाने रांगेत उभं राहायचं, दुसऱ्याने मुलाला गाठून शेवटच्या क्षणापर्यंत शब्द विचारायचे. हॉलच्या बाहेर वधूपक्षाची खोली होती, तिच्या दाराशी असंच एक जोडपं होतं. मुलगा असेल नऊ वर्षांचा. गणिताच्या फेरीआधी त्याला उलटी झाली. बाबांनी रुमालाने तोंड पुसलं, शर्टवरचं पुसलं, पाणी पाजलं आणि म्हणाले, "आता बरं वाटतंय ना? बस जाऊन, फोकस." मी म्हटलं, अहो, घरी न्या त्याला. ते म्हणाले, "टेन्शनची आहे, नेहमी होते."

नेहमी होते!

आणि संध्याकाळी त्याच मुलाचा दुसरा नंबर आला. तीन जणांच्या गटात. त्याच्या कमरेएवढी ट्रॉफी हातात, आणि आई त्याला जिन्यात घेऊन विचारतेय, "कुठे चुकलास? एकच मिस्टेक कशी झाली? काल तर सगळं येत होतं." मुलगा काही बोलत नव्हता. फोटोवाल्याने हाक मारली तेव्हा तिघंही हसली. फोटो छान आला असणार. ग्रुपवर गेलाही असेल, खाली चाळीस टाळ्या वाजवणारे हात.

बास झाल्या सूचना.

अहो, लाज वाटू द्या थोडी. स्पर्धेआधी नेहमी उलटी होते हे तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्ही बॅगेत जास्तीचा शर्ट घेऊन येता? डॉक्टरकडे जायचं सोडून? ती काही त्याची स्पर्धा नव्हती. त्याने कुठे फॉर्म भरला होता? ज्याला आठ मिनिटांत शंभर गणितं येतात त्याला अवघड गणितासमोर दहा मिनिटं बसवत नाही, हे कुठल्याही गणिताच्या शिक्षकाला विचारा. ते बसणं शिकायचं असतं. लॉ कॉलेज रोडजवळ दामले पथावर भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था आहे, गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली सुरू केलेलं. ज्याला गणित खरोखर आवडतं त्या मुलाला घेऊन एकदा तिथे चौकशी करा. आवडत नसेल तर नेऊ नका, त्याला चित्रं काढू द्या, मातीत खेळू द्या, काही करू नसेल द्यायचं तर निदान झोपू तरी द्या रविवारी.

आणि आयोजकहो, तुम्हालाही. फी घेता, पुस्तकं विकता, ट्रॉफीचे वेगळे पैसे, फोटोचे वेगळे, त्याबद्दल काही म्हणणं नाही, दुकान आहे, चालवा. पण पावणेआठला बोलावलेल्या मुलांना दहापर्यंत सतरंजीवर बसवून ठेवता, पाण्याचा एक पिंप, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, आणि शब्दाचा अर्थ विचारला तर सिलॅबसमध्ये नाही म्हणता! निदान ज्या शब्दांची परीक्षा घेता त्यांचा अर्थ तरी आदल्या रात्री वाचून या.

काल भाचीचा निकाल आला. पहिली. 'नॅशनल ग्रँड फिनाले'साठी निवड, शुक्रवारपर्यंत फी भरा. ताईला लगेच फोन केला, म्हटलं, भरू नकोस. ती म्हणाली, अरे, सकाळीच भरली, अर्ली बर्ड डिस्काउंट होता. भरलीस तर भरलीस, पण मी नेणार नाही, आणि ताई, तूही नेऊ नकोस. बुडू देत पैसे.